चित्राचा काही भाग भिंतीत असतो

'फायनल फँटसी आठ' हा जपानी व्हिडिओ खेळ 1999 साली प्लेस्टेशनवर आला तो चार डिस्कवर. वीस वर्षांनी, सप्टेंबर 2019 मध्ये, त्याची रीमास्टर आवृत्ती निघाली. आजच्या लख्ख पडद्यावर ती लावली की पहिल्याच मिनिटाला डोळे अडखळतात. नायक स्क्वॉल केसांच्या बटांपर्यंत रेखीव, आणि तो ज्या दालनात उभा आहे ते दालन मात्र धुरकट!

याचं कारण मोठं सुंदर आहे. पात्रं म्हणजे संगणकाने त्या त्या क्षणी त्रिकोण जुळवून उभ्या केलेल्या आकृत्या. त्या नव्याने घडवता आल्या. दालनं, रस्ते, बंदरं ही मात्र स्थिर चित्रं होती. चित्रकारांनी ती ताकदवान संगणकांवर बारकाव्यांसह रंगवली आणि मग प्लेस्टेशनच्या तुटपुंज्या स्मृतीत मावतील इतकी लहान केली. लहान करताना जे गळलं ते नुसतं ताणून परत येत नाही.

पण मग 1999 साली ती धुरकट का वाटली नाहीत? कारण ती पाठीमागे पोट असलेल्या टीव्हीवर दिसत होती. त्या टीव्हीत इलेक्ट्रॉनांचा झोत काचेच्या आतल्या लेपावर ओळीमागून ओळ फिरतो. उजळलेला ठिपका शेजारच्या ठिपक्यावर सांडतो, दोन ओळींमध्ये अंधाराची बारीक रेघ उरते. चित्रकारांना हे पक्कं ठाऊक होतं. ते दोन रंगांचे ठिपके आलटून पालटून ठेवत आणि तिसरा रंग काच तयार करी. 'कॅसलवेनिया: सिंफनी ऑफ द नाइट' या 1997 च्या खेळात ड्रॅक्युलाच्या डोळ्यात लाल रंगाचा एकच ठिपका आहे. जुन्या टीव्हीवर तो पसरतो आणि डोळा पेटतो. आजच्या पडद्यावर तो नुसता लाल चौकोन दिसतो. चित्राचा तेवढा भाग डिस्कवर कधी नव्हताच, तो काचेत होता.

पृष्ठभाग बदलला की चित्राचं काय होतं, याचं महाराष्ट्रातलं सगळ्यात जिवंत उदाहरण डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर आहे. वारली घराची भिंत कुडाची. कारवीच्या काड्या, वर माती-शेणाचं लिंपण, त्यावर गेरू. लग्नात सवाशिणी तांदळाच्या पिठाने त्या भिंतीवर चौक लिहितात, आत पालघाट देवी येते, लग्न लावणारी धवलेरी गाणी म्हणते. कुंचला म्हणजे टोक चावून मऊ केलेली बांबूची काडी. भिंत खडबडीत, म्हणून रेघ कुठे जाड, कुठे तुटक. आत उजेड कमी, म्हणून ते पांढरं अधिकच उजळतं. ही रेघ त्या भिंतीसाठीच घडली आहे.

1970 च्या दशकाच्या सुरुवातीला चित्रकार भास्कर कुलकर्णी यांनी वारली पाड्यांवर कागद नेला. तलासरी तालुक्यातल्या धामणगावात 1934 साली जन्मलेले आणि डहाणूतल्या गंजाडच्या कलंबीपाड्यावर आयुष्य काढलेले जिव्या सोमा माशे यांच्या हातात तो पडला. भिंतीवर विधीचा चौक होता. कागदावर त्यांनी गोष्टी आणल्या, माणसांची, पाखरांची, मुंग्यांची वर्दळ आणली. त्यांनी काढलेलं मासेमारीचं जाळं पाहावं. हजारो बारीक रेघा आणि सगळं जाळं हलतंय असं वाटतं. खडबडीत कुडावर इतकी बारीक वीण जमली नसती. ही चित्रं पार जपानमधल्या तोकामाचीच्या मिथिला म्युझियमपर्यंत पोचली. 2011 साली माशे यांना पद्मश्री मिळाली.

मला सर्वांत विलक्षण वाटतं ते माशे चित्रासाठी वापरत ते कापड. त्यावर ते गेरूचा किंवा शेणाचा हात देत. चित्र भिंतीवरून निघालं तेव्हा त्यांनी भिंतीचा पोतही सोबत घेतला. खेळांच्या काही रीमास्टरमध्ये जुन्या टीव्हीच्या आडव्या रेषा परत आणण्याची सोय असते, ती याच जाणिवेतून. गमावलेलंही थोडं नाही. चौक बायकांचा होता, कागद मोठ्या प्रमाणात पुरुषांच्या हाती गेला. धवलेरीचं गाणं तर कापडावर येतच नाही.

आता एक फरक पाहा. 'किंगडम हार्ट्स' हा 2002 चा खेळ 2013 मध्ये नव्याने आणायचा ठरला, तेव्हा मूळ कामाच्या फायली हरवलेल्या निघाल्या. विकला गेलेला खेळ तपासून निर्मात्यांना कितीतरी गोष्टी पुन्हा घडवाव्या लागल्या. अवघ्या अकरा वर्षांत ही गत! वारली चौक कुणी जपून ठेवत नाही, भिंत पुन्हा लिंपली जाते. तरी पुढच्या लग्नात तो उमटतो, कारण तो सवाशिणींच्या हातात असतो. कंपन्यांनी खेळांची मूळ चित्रं जिवापाड सांभाळायला हवी होती, असं मला मनापासून वाटतं.

'फायनल फँटसी आठ'च्या रीमास्टरने दिलंही बरंच आहे. खेळ तिप्पट वेगाने चालवता येतो. लढाईत 'गार्डियन फोर्स' नावाचे जादुई मदतनीस बोलावल्यावर चालणारी तीच ती लांबलचक दृश्यं आता झटपट सरतात. वाटेत अचानक उपटणाऱ्या लढाया बंद करता येतात, आणि या खेळात शत्रू आपल्याबरोबरच बलवान होत जात असल्यामुळे लढाया टाळल्याने फारसं बिघडत नाही. नोबुओ उएमात्सू यांचं संगीत आजही अंगावर काटा आणतं. पहिल्यांदा खेळणाऱ्याने रीमास्टरच घ्यावं. पण कुणाच्या माळ्यावर जुना टीव्ही चालू अवस्थेत असेल आणि मूळ डिस्क मिळाल्या, तर एक संध्याकाळ त्या लावून खेळातलं बालांबचं बंदर पाहावं.