दैवी सामर्थ्य आणि अर्जित जादू : 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या खेळातील नियमांचे स्वरूप

गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांनी रचलेला 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा भूमिकाप्रधान खेळ १९७४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला. यात प्रत्येक खेळाडू एका पात्राची भूमिका घेतो. उर्वरित सृष्टी, म्हणजे शत्रू, गावकरी आणि देवतासुद्धा, 'डंजन मास्टर' हा संचालक चालवितो. मूळ खेळात योद्धा, जादूगार व पुरोहित असे तीनच पात्रवर्ग होते. यांपैकी जादूगार व पुरोहित या दोघांजवळ मंत्रसामर्थ्य असते. मात्र त्याच्या उगमाविषयीचे नियम भिन्न आहेत. ही भिन्नता प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

जादूगाराची विद्या अर्जित असते. त्याचे मंत्र पोथीत लिहिलेले असतात. त्यांतील मोजके मंत्र तो पाठ करतो आणि उच्चारलेला मंत्र स्मृतीतून नाहीसा होतो. ही कल्पना जॅक व्हान्स यांच्या 'द डाइंग अर्थ' (१९५०) या पुस्तकावरून आली आहे. जादूगाराला प्रारंभी चिलखत वर्ज्य होते. २००० च्या तिसऱ्या आवृत्तीत या बंदीऐवजी, चिलखतामुळे मंत्र फसण्याची टक्केवारी ठरविण्यात आली.

पुरोहिताला पोथी लागत नाही; त्याला मंत्र प्रार्थनेने लाभतात. तो चिलखत घालू शकतो, आणि जखमा भरून काढणे हे मुख्यतः त्याचेच कार्य. १९७४ च्या नियमांनुसार पहिल्या पातळीवरील पुरोहिताला एकही मंत्र मिळत नसे, तर त्याच पातळीवरच्या जादूगाराला एक मिळत असे. १९७९ च्या संचालक-मार्गदर्शिकेत याहून सूक्ष्म विभागणी आढळते. खालच्या दोन श्रेणींचे मंत्र पुरोहिताच्या स्वतःच्या शिक्षणाने व श्रद्धेने, मधल्या तीन श्रेणींचे देवतेच्या सेवकांकडून, आणि सहाव्या व सातव्या श्रेणीचे प्रत्यक्ष देवतेकडून प्राप्त होतात. सामर्थ्य वाढते तसे परावलंबनही वाढते, ही बाब येथे लक्षणीय आहे.

खरा प्रश्न दिलेले सामर्थ्य काढून घेण्याचा आहे. तिसऱ्या आवृत्तीनुसार, देवतेच्या आचारसंहितेचा गंभीर भंग करणारा पुरोहित प्रायश्चित्त घेईपर्यंत मंत्र गमावतो. जादूगाराने गाव जाळले तरी दुसऱ्या दिवशी त्याची पोथी त्याला नाकारत नाही. परंतु दयाळू देवतेच्या पुरोहिताने गाव वाचविण्यासाठी शरण आलेल्या कैद्याला मारले, तर तो 'गंभीर भंग' ठरेल काय? याचा निर्णय फासा देत नाही, संचालक देतो. म्हणजे देवतेचा कोप हा व्यवहारात एका खेळाडूच्या नीतिकल्पनेवर दुसऱ्याने दिलेला निवाडा असतो, आणि उपचार करणारा गमावल्याने त्याची शिक्षा सर्व सहकाऱ्यांना भोगावी लागते.

देणारा तो काढून घेणारा, हे गृहीतक सार्वत्रिक मात्र नाही. १९८० च्या 'डीटीज अँड डेमीगॉड्स' या पूरक ग्रंथात इंद्र, अग्नी, वरुण इत्यादी भारतीय देवतांचा समावेश आहे; पण भारतीय पुराणांतील वर या चौकटीत सहजी बसत नाही. भस्मासुराचा वर तपाने मिळविलेला होता. तो देणाऱ्यावरच उलटला, तरी शंकराला परत घेता आला नाही. त्यासाठी विष्णूला मोहिनीरूप घ्यावे लागले. खेळाच्या नियमांनुसार भस्मासुर पहिल्याच पावलावर निःशस्त्र झाला असता!

२०१४ च्या पाचव्या आवृत्तीत पुरोहिताच्या वर्गवर्णनात हा शिक्षेचा नियम आढळत नाही. त्यामुळे वाद टळले हे खरे; परंतु ज्या पुरोहिताची देवता कधीच रुष्ट होत नाही, त्याची प्रार्थना आणि जादूगाराचा पाठ यांतील अंतर आता बव्हंशी मंत्रांच्या यादीपुरते उरते.