गंज : डाग की रंग?

वेदगंगेकाठच्या आमच्या मुरगुडात पावसाळ्याचे चार महिने कपडे घरातच, तारेवर वाळतात. तार गंजलेली असली की धोतरावर, परकरावर तांबूस रेघ उमटते. पत्र्याच्या ट्रंकेतल्या लुगड्यांना तर न नेसताच डाग पडतात. हा डाग साबणाने का जात नाही, हे शोधताना मी कापड रंगवण्याच्या जुन्या विद्येपर्यंत जाऊन पोचले.

साबण तेलकट मळ सोडवतो. गंज हा मळ नव्हे. लोखंड, प्राणवायू आणि पाणी यांच्या संयोगातून तो तयार होतो. पाण्यात न विरघळणारे त्याचे कण धाग्यात रुतून बसतात. ब्लीचिंग पावडरीनेही लोखंड निघत नाही. डाग उलट पक्का होतो.

रंगाऱ्यांनी याच चिवटपणाचा उपयोग करून घेतला. श्रीकालहस्ती आणि मछलीपट्टणचे कलमकारी कारागीर गंजके लोखंड गूळपाण्यात कित्येक दिवस भिजत घालतात. हिरड्यात भिजवलेल्या कापडावर ते पाणी लागले की पक्का काळा रंग उमटतो, कारण हिरड्यातले टॅनिन लोखंडाला घट्ट धरते. टॅनिन चहातही असते. म्हणून गंजाच्या डागावर चहा सांडला तर तो काळवंडतो. आपला डाग हा रंगाऱ्याच्या लेखी अर्धा झालेला रंगच!

तो सोडवायचा तर लोखंडाला धाग्यापासून ओढून घेणारे काही हवे. लिंबाच्या रसात सुमारे ५ ते ६ टक्के सायट्रिक आम्ल असते. ते गंज विरघळवते आणि सुटलेले लोखंड पाण्यात धरून ठेवते. पांढऱ्या सुती कापडावर रस आणि चिमूटभर मीठ लावून ते उन्हात ठेवावे. ऊन या क्रियेला मदत करते. रस सुकू देऊ नये. आम्ल सुकले की सूत कमजोर होते. तासाभराने भरपूर पाण्यात खळबळून, गरज पडल्यास पुन्हा करावे. चिंच तांब्याची भांडी उजळते खरी, पण कापडावर स्वतःचाच डाग सोडते.

रंगीत कापडाचा आधी कोपरा तपासावा. जरीला लिंबू लावू नये. सतरंजीवर किंवा गालिच्यावर खाटेच्या पायाचे वर्तुळ पडले असेल, तर रसात बुडवलेल्या फडक्याने ते नुसते टिपावे. मग साध्या पाण्याने टिपून पंख्याखाली वाळवावे. लिंबू आणि ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र करू नये. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

गंज केवळ दिसायला वाईट नसतो. दमट हवेत लोखंड सुताची झीज वेगाने घडवते, म्हणून जुनी लुगडी नेमकी डागाच्या जागी विरतात. डाग ताजा असतानाच काढावा. बोटाने हलके ताणताच धागा तुटू लागला, तर लिंबू बाजूला ठेवावे. तिथे डाग काढणे म्हणजे भोक पाडणे. त्यामागे मऊ सुती कापडाचा तुकडा टाकून चार टाके घालावेत, आणि ते लुगडे पुन्हा पत्र्याला टेकू देऊ नये.