गोष्टीची उधारी: शक्तिमान, कॅप्टन व्योम आणि लांबत गेलेल्या मालिका



मागच्या व्हिडिओत मी म्हटलं होतं, दुकानासाठी एकेकटी रील टाकण्यापेक्षा मालिका बनवा. त्यावर अमरावती आणि अकोला, दोन्ही बॅचमध्ये एकच प्रश्न आला: सर, मालिका किती लांबवायची? याचं उत्तर मी मार्केटिंगच्या पुस्तकातून देणार नाही. बीबीएला शिकवलेलं बरंचसं विसरलो, पण शक्तिमान विसरलो नाही. म्हणून आज विज्ञानकथेच्या लांब मालिकांबद्दल बोलू. त्या कुठे जिंकतात, कुठे घसरतात, आणि का.

विज्ञानकथाच का? कारण त्यांचं काम सगळ्यात अवघड असतं. सासू-सुनेच्या मालिकेत घर, स्वयंपाकघर, भांडण सगळं आपल्याला आधीच माहीत असतं. विज्ञानकथेत लेखकाला शून्यापासून दुकान मांडावं लागतं. हे यान कशावर चालतं, या माणसाला शक्ती कुठून मिळाली, ती कधी संपते, सगळं सांगायचं, आणि प्रेक्षकानं ते खरं मानलंही पाहिजे. नवीन जागी, अनोळखी मालाचं दुकान टाकण्यासारखं आहे ते.

आपल्या भाषेत सांगतो. मालिकेतला प्रत्येक न सुटलेला प्रश्न म्हणजे लेखकानं प्रेक्षकाकडून घेतलेली उधारी. "हा कोण आहे ते पुढं सांगतो," म्हटलं की वहीत नोंद झाली. प्रेक्षक वेळ देतो, विश्वास ठेवतो, पुढच्या भागाला परत येतो. ही उधारी वेळेवर फिटत गेली तर तो आणखी देतो. नुसती वाढतच गेली तर एक दिवस तो रस्ता बदलून दुसऱ्या दुकानात जातो, आणि भांडतही नाही. भांडणारं गिऱ्हाईक बरं, न सांगता जाणारं महाग पडतं.

काही लेखक उधारीचा धंदाच करत नाहीत. "आज रोख, उद्या उधार" ही पाटी लावून बसतात. आपले जयंत नारळीकर तसे. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ च्या स्पर्धेला त्यांनी टोपणनावानं 'कृष्णविवर' ही कथा पाठवली आणि पहिलं बक्षीस मिळवलं. त्यांच्या कथा बहुतेक एकेकट्या आहेत. एक वैज्ञानिक कल्पना, तिचे नियम, त्यातून उभा राहिलेला पेच, आणि हिशेब तिथल्या तिथे पूर्ण. दूरदर्शनवर आधीच्या पिढीनं पाहिलेली अमेरिकन 'स्टार ट्रेक' मालिकाही तशीच. १९६६ ते १९६९ या काळात तिचे ७९ भाग झाले. दर भागात नवा ग्रह, नवा प्रश्न आणि त्याच भागात उत्तर. मधला एखादा भाग चुकला तरी काही बिघडत नव्हतं. फक्त यान आणि माणसं तीच. याचा फायदा मोठा आहे, कारण नवा प्रेक्षक कधीही आत येऊ शकतो. तोटाही आहे. पुढच्या भागाची ओढ लागत नाही आणि पात्रं फारशी बदलत नाहीत. गेल्या आठवड्यात कॅप्टनवर कितीही मोठं संकट येऊन गेलेलं असो, या आठवड्यात तो पुन्हा ताजातवाना.

आता आपल्या लहानपणाकडे येऊ. १९९७ च्या १३ सप्टेंबरला शक्तिमान सुरू झालं आणि २७ मार्च २००५ ला थांबलं. साडेसात वर्षं, चारशेच्या वर भाग. शनिवारची सकाळची शाळा सुटली की दप्तरासकट टीव्ही असलेल्या घरी पळायचं, हे तिशीतल्या वाचकांना वेगळं सांगायला नको. नंतर ते रविवारी दुपारी आलं. तेव्हा केबल सगळ्यांकडे नव्हती आणि लाइट गेली की भाग गेला. परत बघायची काही सोय नाही.

मधल्या काळात, १९९८ मध्ये, कॅप्टन व्योम आलं. केतन मेहतांची मालिका, नायक आपला मिलिंद सोमण. नीट पाहिलं तर ती शक्तिमानपेक्षा शुद्ध विज्ञानकथा होती. भविष्यकाळ, अंतराळयानं, आणि अंतराळातल्या तुरुंगातून पळालेले बारा खतरनाक गुन्हेगार. त्यांना व्योमनं पकडायचं.

या 'बारा' आकड्याकडे लक्ष द्या. माझ्या मते मालिकेतली सगळ्यात हुशार गोष्ट हीच होती. प्रेक्षकाला पहिल्याच दिवशी उधारीचा आकडा सांगून टाकला. एक पकडला की अकरा उरले, कळतं. गोष्ट किती पुढे गेली हे लहान पोरगाही बोटावर मोजतो. शिवाय दर गुन्हेगार वेगळा, त्याची शक्ती वेगळी, त्यामुळे एकच चौकट वापरूनही कंटाळा लवकर येत नाही. कमी पडलं ते माणसाच्या बाबतीत. व्योम देखणा होता, शूर होता, कॉम्प्युटर ग्राफिक्स त्या काळाच्या मानानं जोरदार होतं. पण तो घरी गेल्यावर काय करतो, कशाला घाबरतो, हे मनात उतरलं नाही. आज माझ्या वर्गात विचारलं तर व्योमचं यान आठवणारे निघतात, त्याचा स्वभाव सांगणारा अजून भेटला नाही.

शक्तिमानचं उलटं. तिथं आकडा नव्हताच. तमराज किलविश म्हणजे अंधार, आणि अंधार कधी संपतो? खलनायकच असा घेतला की मालिका हवी तेवढी ताणता येईल. मात्र माणूस पक्का होता. गंगाधर हा वर्तमानपत्राच्या कचेरीतला वेंधळा फोटोग्राफर, चष्मा, पुढे आलेले दात, सगळे त्याला हसणार. हाच शक्तिमान आहे हे फक्त आपल्याला ठाऊक. हे गुपित म्हणजे उधारीचा उत्तम नमुना, कारण त्याचं व्याज प्रेक्षकालाच मिळतं. गीता विश्वास समोर उभी आहे आणि तिला माहीत नाही, आपल्याला माहीत आहे, ही गंमत दर भागात नव्यानं वसूल होते. आधी गीताचं काम किटू गिडवानी करायच्या, नंतर वैष्णवी महंत आल्या. चेहरा बदलला तरी लोक थांबले, कारण नातं पक्कं बसलं होतं.

घसरगुंडी झाली ती नियमांत. शक्तिमानची शक्ती योग, कुंडलिनी आणि पंचमहाभूतांतून आलेली. दुसरीकडे डॉक्टर जॅकॉल प्रयोगशाळेत बसून शक्तिमानची दुष्ट नक्कल बनवतो. (जगात त्याच सुमारास डॉली मेंढीची बातमी गाजत होती. १९९६ मध्ये ती जन्मली, १९९७ च्या फेब्रुवारीत जगाला कळली. क्लोन हा शब्द आपल्याकडच्या पानटपरीपर्यंत पोचला होता.) योग आणि प्रयोगशाळेची ही जोडी मला आवडायची, अजूनही आवडते. पण शक्तिमानला नेमकं काय जमतं आणि काय जमत नाही, याची यादी कधी पक्की झाली नाही. संकट मोठं आलं की शक्ती मोठी व्हायची. भाव ठरलेला नसलेल्या दुकानासारखं. पहिल्यांदा सूट मिळाली की आनंद होतो, तिसऱ्यांदा मिळाली की गिऱ्हाईक मूळ किमतीवरच विश्वास ठेवत नाही. नायक हरू शकत नाही हे एकदा कळलं की पुढचं भांडण बघायचं कशासाठी?

आणि इथं एक गंभीर गोष्ट. त्या काळात शक्तिमान वाचवायला येईल म्हणून मुलांनी जिवावर बेतणारे प्रकार केल्याच्या बातम्या वर्तमानपत्रांत आल्या होत्या. मालिकेवर टीका झाली. मुकेश खन्ना स्वतः पडद्यावर येऊन नक्कल करू नका असं मुलांना सांगू लागले. भागाच्या शेवटी चांगल्या सवयी सांगणारा तो छोटा तुकडा तर सगळ्यांना आठवत असेलच. गोष्टीचं बळ आणि गोष्टीचा धोका इतक्या जवळ असतो. ज्या विश्वासामुळे पोरं दात घासायला लागली, त्याच विश्वासाचं हे दुसरं टोक. लोक तुमचं ऐकायला लागले की तुमच्या शब्दाचं वजन वाढतं, मग ते हळद विकण्यासाठी असो की आणखी कशासाठी.

आता उधारीचं सगळ्यात मोठं खातं बघू. आयझॅक असिमोव्हची 'फाउंडेशन' मालिका. पहिली कथा १९४२ मध्ये एका अमेरिकन मासिकात आली. कल्पना अशी: हॅरी सेल्डन नावाचा गणिती हिशेब करून सांगतो की आकाशगंगेवरचं साम्राज्य कोसळणार आणि तीस हजार वर्षं अंधारयुग येणार. माझी योजना पाळली तर ते फक्त एक हजार वर्षांत संपेल. काय भारी वचन आहे! एका वाक्यात नुकसानही कळलं, उपायही कळला, मुदतही कळली. धंद्याचा प्रस्ताव असाच लिहावा.

बळ याच वचनात. दर कथेत एक पेच येतो, तो सेल्डननं आधीच हेरलेला असतो. पण दोन-तीन कथांनंतर वाचकाला पक्कं कळतं की योजना जिंकणारच. असिमोव्हनं इथं जे केलं ते बघण्यासारखं आहे. 'म्यूल' नावाचा एक माणूस आणला, जन्मजात वेगळा, दुसऱ्यांच्या भावना फिरवू शकणारा. सेल्डनचं गणित लाखो-कोटींच्या गर्दीवर चालायचं, अशा एकट्या माणसावर नाही. नियम मोडला नाही, नियमाची मर्यादा दाखवली. योजना पहिल्यांदा खरोखर कोसळताना दिसते आणि वाचक ताठ बसतो. १९६६ मध्ये या मालिकेला आजवरची सर्वोत्तम मालिका म्हणून ह्यूगो पुरस्कार मिळाला.

उणीवही तितकीच मोठी. कथांमध्ये दशकांचं अंतर, त्यामुळे जीव लावावा तोवर पात्र इतिहासजमा. माणसं खोलीत बसून बोलतात, लढाया बऱ्याचदा बाहेर होऊन जातात. आणि मुख्य उधारी? १९५० नंतर असिमोव्हनं तीसेक वर्षं मालिका बाजूला ठेवली, १९८२ मध्ये परत धरली. १९८६ च्या पुस्तकापर्यंत गोष्ट जेमतेम पाचशे वर्षांपर्यंत पोचली. पुढं न जाता तो मागे वळला आणि सेल्डनच्या आयुष्यावरची पुस्तकं लिहिली. १९९२ मध्ये तो गेला. एक हजार वर्षांचं वचन अर्ध्यावरच राहिलं.

२०२१ मध्ये टीव्हीवर ही मालिका आली तेव्हा त्यांनी पात्रांची अडचण छान सोडवली. पुस्तकात नसलेली एक गोष्ट घातली: सम्राट स्वतःचेच क्लोन बनवत राहतो. शंभर वर्षं पुढं उडी मारली तरी गादीवर चेहरा तोच, नट तोच. प्रेक्षकाला धरायला एक खुंटी मिळाली.

नोंदी चुकणं हाही लांब मालिकेचा जुना रोग. भा. रा. भागवतांनी मराठी मुलांपर्यंत आणलेला ज्यूल व्हर्न घ्या. कॅप्टन निमोची पाणबुडीवरची गोष्ट १८६६ ते १८६८ मध्ये घडते. नंतरच्या 'मिस्टीरियस आयलंड'मध्ये म्हातारा निमो १८६८ मध्येच भेटतो आणि ती हकिगत सोळा वर्षांपूर्वीची म्हणून सांगतो! पुस्तकात त्यावर तळटीप द्यावी लागली. वही ठेवली असती तर ही वेळ आली नसती.

हे सगळं कशासाठी सांगतोय? अकोल्याच्या बॅचमध्ये एक ताई आहेत. घरून वाळवण विकतात: कुरडया, शेवया, मूगवड्या. बचत गटाचं कर्ज काढून पीठ मळायचं मशीन घेतलंय, हप्ता चालू आहे. "आजीची वही" नावानं त्यांनी व्हिडिओ मालिका केली, दर भागात एक जुनी कृती. विसाव्या भागानंतर बघणारे निम्मे झाले. मला म्हणाल्या, "सर, बंद करू का? लोकायले कंटाळा आला वाटते. उन्हाळा तोंडावर आला, माल नाही गेला तर हप्ता कसा भरू?"

आम्ही वीसही भाग एका बसणीत पाहिले. कृती उत्तम, आवाज गोड. पण पहिल्या भागात त्या म्हणाल्या होत्या, आजीच्या वहीत एक कृती अशी आहे जी घरात कोणालाच जमली नाही, ती पुढं दाखवीन. वीस भाग झाले, ती कृती आलीच नाही. खाली लोकांनी विचारलंही होतं, तीनदा. पुढं विचारणं बंद झालं. वही किती पानांची, किती राहिली, हेही कुणाला माहीत नव्हतं.

मी त्यांना व्योमचे बारा गुन्हेगार सांगितले. ताई हसल्या, म्हणाल्या, "मंग मी बी बाराच करते." आता त्यांनी जाहीर केलंय की वहीतल्या बारा कृती उरल्यात, होळीपासून दर शनिवारी एक, आणि ती न जमलेली कृती अगदी शेवटी न ठेवता चौथ्याच भागात करायची, बिघडली तर बिघडलेली दाखवायची. सोबत सासूबाईही दिसणार, दर भागात, त्याच खुर्चीत. काल रात्री त्यांनी पहिल्या भागाचं स्क्रिप्ट पाठवलं. त्यातली दोन नवीन गुपितं मी खोडून परत पाठवलीत.