अठ्ठावीस दिवसांची घडण

मानवी मेंदू आणि मज्जारज्जू यांचा आरंभ एका साध्या पट्टीतून होतो. गर्भधारणेनंतर तिसऱ्या आठवड्यात गर्भाच्या पाठीकडील पेशींचा थर जाड होऊन ही पट्टी तयार होते. तिच्या मध्यभागी चर पडतो, दोन्ही कडा उचलल्या जातात आणि एकमेकींना मिळून नलिका बनते. हीच चेतानलिका. तिचे डोक्याकडील टोक सुमारे २५व्या, तर खालचे टोक सुमारे २८व्या दिवशी मिटते. पुढे तिच्या वरच्या भागाचा मेंदू व उरलेल्या भागाचा मज्जारज्जू होतो.

वरचे टोक उघडे राहिल्यास मेंदूची वाढ खुंटते आणि असे बालक जगू शकत नाही. खालचा भाग न जुळल्यास कणा दुभंगलेला राहतो; पायांतील शक्ती व मूत्राशयावरील ताबा यांना बाधा येऊ शकते.

१९९१ साली ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने सात देशांतील अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. पूर्वी असा दोष असलेले अपत्य झालेल्या मातांनी गर्भधारणेच्या आधीपासून फॉलिक ॲसिड घेतल्यास त्याच्या पुनरावृत्तीचा धोका ७२ टक्क्यांनी घटतो, असे त्यातून दिसले.

अडचण आहे ती वेळेची. अनेक स्त्रियांना गर्भ राहिल्याची खात्री होते, तोवर नलिका मिटण्याचा काळ उलटून गेलेला असतो. म्हणूनच अपत्याचा विचार करणाऱ्या स्त्रीने किमान महिनाभर आधीपासून रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड घ्यावे, असा वैद्यकशास्त्राचा सल्ला आहे; पूर्वी असे अपत्य झाले असल्यास मात्रा डॉक्टरांनीच ठरवावी. बाळासाठीची पहिली तरतूद त्याची चाहूल लागण्याआधीच करावयाची असते.