मुंबईत फ्लॅट घेऊन भाड्याने द्यायचाय? भाड्यात हप्ता बसतो का, ते आधी पाहा

कुणाची जमीन रस्त्यात गेली आणि मोबदला खात्यावर आला. कुणाचा मुलगा मुंबईत नोकरीला लागला आणि चार पैसे शिल्लक पडू लागले. मग घरात विषय निघतोच, अंधेरी-बोरिवलीकडे नाहीतर घाटकोपर-मुलुंडला एखादा वन बीएचके घ्यायचा, भाड्याने द्यायचा आणि आलेल्या भाड्यातून बँकेचा हप्ता फेडायचा. एजंटही हेच सांगतो, "भाडं येत राहील, कर्ज आपोआप फिटेल."

या भागात भाडेकरू मिळतो, हे खरं. अंधेरी-बोरिवलीला पश्चिम रेल्वे, घाटकोपर-मुलुंडला मध्य रेल्वे. वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो जून २०१४ पासून धावते आणि दहिसर ते अंधेरी मेट्रोचे दोन्ही मार्ग जानेवारी २०२३ पासून पूर्ण सुरू झाले. नोकरदार माणूस स्टेशनजवळची खोली शोधतच असतो. पण भाडेकरू मिळणं वेगळं आणि भाड्यात हप्ता बसणं वेगळं. म्हणून आधी हिशोब मांडू.

सुरुवातीला घरचे किती लागतात?

बँक पूर्ण किमतीचं कर्ज देत नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे कर्ज ३० लाखांपर्यंत असेल तर घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ९० टक्के, ३० ते ७५ लाखांपर्यंत ८० टक्के आणि ७५ लाखांच्या वर ७५ टक्के मिळतं. स्टॅम्प ड्युटी आणि नोंदणीचा खर्च त्यात धरत नाहीत. तो आपणच भरायचा.

समजा, फ्लॅट १ कोटीचा आहे. तर खर्च असा :

- बँकेचं कर्ज : ७५ लाख
- आपले पैसे : २५ लाख
- स्टॅम्प ड्युटी ६ टक्के : ६ लाख
- नोंदणी फी : ३० हजार
- दलाली १ टक्का धरली तर : १ लाख

म्हणजे चावी हातात यायच्या आधी घरचे ३२ लाख ३० हजार गेले. रंगरंगोटी, नळ-वायरिंग, सोसायटीची ट्रान्सफर फी वेगळी.

इथे एक सवलत लक्षात ठेवा. घर फक्त महिलेच्या नावावर घेतलं तर स्टॅम्प ड्युटीत १ टक्का सूट मिळते. १ कोटीवर सरळ १ लाख वाचतात. पण नवरा-बायको दोघांचं नाव लावलं तर ही सूट मिळत नाही.

हप्ता किती आणि हातात किती?

७५ लाखांचं कर्ज, २० वर्षं मुदत, व्याज साडेआठ टक्के धरलं तर महिन्याचा हप्ता सुमारे ६५ हजार रुपये येतो. २० वर्षांत व्याजापोटीच ८१ लाख जातात.

आता भाडं. महिना २८ हजार धरू. वर्षात एक महिना घर रिकामं राहतं असं समजून ११ महिन्यांचे ३ लाख ८ हजार आले. सोसायटीचा मेंटेनन्स महिना ४ हजार, म्हणजे वर्षाचे ४८ हजार गेले. रंग, दुरुस्ती, दलाली यासाठी २० हजार काढा. उरले २ लाख ४० हजार, म्हणजे महिन्याला २० हजार.

हप्ता ६५ हजार, हातात २० हजार. उरलेले ४५ हजार दर महिन्याला पगारातून किंवा शेतीतून घालायचे. वर्षाचे ५ लाख ४० हजार झाले.

हाच हिशोब उलटा करून बघा. २० हजारांच्या हप्त्यात साधारण २३ लाखांचंच कर्ज फिटतं. म्हणजे १ कोटीच्या घराचं भाडं फक्त २३ लाखांचं ओझं उचलू शकतं. बाकीचे पैसे आपले हवेत, नाहीतर दर महिन्याला भर घालायची तयारी हवी. तुमच्या फ्लॅटची किंमत आणि भाडं वेगळं असेल. ते आकडे घालून हा हिशोब स्वतः करा, मगच टोकन द्या.

व्याज वाढलं तर?

गृहकर्जाचं व्याज बहुतेक वेळा बदलतं असतं. मे २०२२ च्या सुरुवातीला रिझर्व्ह बँकेचा रेपो दर ४ टक्के होता, फेब्रुवारी २०२३ मध्ये तो साडेसहा टक्क्यांवर गेला. एवढा फरक कर्जात उतरला, म्हणजे व्याज पावणेसात टक्क्यांवरून सव्वानऊ टक्के झालं, तर ७५ लाखांच्या कर्जाचा हप्ता ५७ हजारांवरून ६८ हजार ७०० च्या आसपास जातो. बँक कधी हप्ता वाढवते, कधी हप्ता तोच ठेवून वर्षं वाढवते. भाडेकरूचं भाडं मात्र करारात ठरलेलंच राहतं.

२०२५ मध्ये रेपो दर कमीही झाला. पण हप्त्याचा हिशोब नेहमी दोन टक्के जास्त व्याज धरूनच करावा. त्यातही घर चालत असेल तर पुढे जा.

बँक कर्ज कोणाला देते?

शेतीचं उत्पन्न कितीही असलं तरी गृहकर्ज देताना बँक मुख्यतः पगाराची स्लिप आणि आयकर रिटर्न बघते. त्यामुळे नोकरीवाला मुलगा किंवा मुलगी सहकर्जदार लागते. बँकेचं पीककर्ज किंवा ट्रॅक्टरचा हप्ता थकलेला असेल, किंवा आपण जामीन राहिलेल्याचं कर्ज बुडालं असेल, तर ते सिबिलमध्ये दिसतं आणि फाईल अडते. आधी तो रिपोर्ट काढून बघा.

एक गोष्ट फायद्याची आहे. बदलत्या व्याजाच्या गृहकर्जात वैयक्तिक कर्जदाराने मुदतीआधी पैसे भरले तर बँक दंड लावू शकत नाही. चांगला हंगाम झाला, कांद्याला भाव मिळाला की लाख-दोन लाख मुद्दलात भरून टाका. सुरुवातीच्या वर्षांत भरलेल्या पैशाने व्याज सगळ्यात जास्त वाचतं.

कागदं कोणती बघायची?

गावात आपण सातबारा आणि फेरफार बघतो. मुंबईत फ्लॅटला सातबारा नसतो.

- जुना फ्लॅट असेल तर आतापर्यंतचे सगळे नोंदणीकृत करार, इंडेक्स टू, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट आणि थकबाकी नसल्याचा दाखला मागा.
- इमारतीला महापालिकेची ओसी, म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र आहे का, ते बघा.
- नवीन बांधकाम असेल तर महारेराच्या वेबसाईटवर प्रकल्पाचा नंबर टाकून ताबा कधीचा लिहिलाय, किती फ्लॅट विकले, कोर्टाची केस आहे का, ते तपासा. नोंदणीकृत करार होण्याआधी बिल्डर किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेऊ शकत नाही. आणि ताबा मिळेपर्यंत भाडं शून्य, बँकेचं व्याज मात्र चालू, हेही लक्षात ठेवा.
- फ्लॅट स्वस्तात मिळतोय म्हटलं की कारण विचारा. एसआरएचं घर ठराविक वर्षं विकता येत नाही. म्हाडाच्या लॉटरीतलं घर पहिली ५ वर्षं विकता येत नाही. अशा घराचा व्यवहार नोटरीच्या कागदावर किंवा मुखत्यारपत्रावर केला तर पैसे जातात आणि घर नावावर होत नाही. पागडीच्या खोलीत आपण मालक नसतो, भाडेकरू असतो.
- इमारत ३० वर्षांपेक्षा जुनी असेल तर स्ट्रक्चरल ऑडिटचा रिपोर्ट मागाच. घाटकोपरच्या दामोदर पार्क भागात २५ जुलै २०१७ रोजी चार मजली इमारत कोसळली आणि १७ जणांचे जीव गेले. तळमजल्यावर केलेल्या बदलांवर तेव्हा बोट ठेवलं गेलं होतं.

व्यवहार बँकेतूनच करा. घराच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घेण्यावर आयकर कायद्याची बंदी आहे. घर ५० लाखांचं किंवा वरचं असेल तर १ टक्का टीडीएस कापून सरकारकडे भरणं हे घेणाऱ्याचं काम आहे. ते विसरलं तर नोटीस घेणाऱ्यालाच येते.

भाडेकरू ठेवताना

"११ महिन्यांचा करार आहे, नोंदणी लागत नाही," असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, मग तो ११ महिन्यांचा असो की ३ वर्षांचा. ही जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी नसेल तर ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. शिवाय वाद झाला तर भाडेकरू सांगेल त्या अटी आधी ग्राह्य धरल्या जातात. खर्चही फार नाही. २८ हजार भाडं आणि १ लाख डिपॉझिटवर ११ महिन्यांची स्टॅम्प ड्युटी साधारण ८०० रुपये आणि नोंदणी फी १ हजार. नोंदणी ऑनलाइन होते. भाडेकरूची माहिती पोलिसांकडेही द्या.

सोसायटी भाडेकरू ठेवल्याबद्दल वेगळा आकार लावते. तो सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाही.

मग घ्यायचं की नाही?

मोबदल्याची मोठी रक्कम हातात आहे आणि कर्ज थोडंच लागणार आहे, तर भाड्यात हप्ता बसू शकतो. मुलगा आज मुंबईत २५-३० हजार भाडं भरतोय आणि उद्या स्वतःच त्या घरात राहणार आहे, तरीही विचार करण्यासारखं आहे. पण ७५ लाखांचं कर्ज भाड्याच्या भरवशावर काढायचं असेल, तर दर महिन्याचे ४५ हजार कुठून येणार, हे घरातल्या सगळ्यांनी बसून आधी ठरवा.

आणि फ्लॅटसाठी शेवटचा तुकडा विकू नका. महाराष्ट्रात शेतजमीन साधारणपणे शेतकऱ्यालाच घेता येते, बाकीच्यांना सरकारी परवानगी लागते. नावावरचा शेवटचा सातबारा गेला की परत जमीन घेणं फार अवघड होतं. फ्लॅट पाच वर्षांनीही घेता येईल.