पडीक शेताचे तण, शेजाऱ्याचे रोप

तण पिकाचे अन्न, पाणी व उजेड पळविते, हे शेतकऱ्याला शिकवावे लागत नाही. परंतु तणाचा उपद्रव तेवढ्यावर थांबत नाही. काही तणे मातीत अशी द्रव्ये सोडतात की, जवळचे बी रुजतच नाही, किंवा रुजले तरी त्याचे मूळ खुरटते. वनस्पतींच्या या परस्पर रासायनिक प्रभावाला ऑस्ट्रियन शास्त्रज्ञ हान्स मोलिश यांनी १९३७ साली ‘ॲलेलोपॅथी’ हे नाव दिले.

ही द्रव्ये मुळांतून पाझरतात, पावसाबरोबर पानांवरून ओघळतात आणि तण कुजताना मातीत मुरतात. त्यामुळे कोवळ्या मुळाच्या टोकाशी पेशींचे विभाजन मंदावते. पाणी व क्षार शोषण्याची शक्ती क्षीण होते. वाढलेले पीक हा मारा बऱ्याच अंशी सोसते, अंकुराला तो सोसवत नाही. मग उगवण विरळ झाली की दोष बियाण्याला किंवा पावसाला दिला जातो.

रायगडच्या किनारपट्टीत भातखाचरातील चिखलणी आणि साचलेले पाणी पुष्कळशा तणांना आवर घालते. रोपांच्या वाफ्याला आणि भातामागून येणाऱ्या पिकाला मात्र हे संरक्षण नाही. अलिबाग तालुक्यात भात निघाल्यावर जो वाल आणि जो नावाजलेला पांढरा कांदा घेतला जातो, त्याची गाठ लव्हाळ्याशी पडते. लव्हाळ्याच्या गाठींच्या अर्काने अनेक पिकांची उगवण खुंटते, हे प्रयोगशाळेत वारंवार दिसून आले आहे. शेतात अन्नपाण्याची स्पर्धा आणि रासायनिक मारा यांचे हिशेब वेगळे काढणे कठीण. रोपाला दोन्ही एकदमच भोगावे लागतात. शिवाय वरचे पाते उपटले, तरी जमिनीतील गाठ पुन्हा फुटते.

दुसरे उदाहरण गाजरगवताचे. १९५५-५६च्या सुमारास पुण्यात प्रथम नजरेत भरलेले हे मूळचे अमेरिका खंडातील तण पुढे देशभर पसरले. त्यातील ‘पार्थेनिन’ हे द्रव्य इतर वनस्पतींची उगवण व वाढ रोखते. एकेक झाड हजारो बिया टाकते आणि वारा, पाणी, वाहने त्या दूरवर नेतात.

कोकणातल्या जुन्या शेतकऱ्याने रोपांच्या वाफ्यावर राब भाजण्याची पद्धत काढली, तिचा एक लाभ तणाचे बी जळून जाण्याचा होता. पालापाचोळा व शेण जाळण्याची तिची किंमत मोठी खरी. पण अंकुराच्या काळात जमीन निर्वेध हवी, हे मर्म तिने ओळखले होते.

आज अडचण आहे ती पडीक जमिनीची. मजुरी परवडत नाही, मुले मुंबईला नोकरीत, काही जमिनी शहरवासीयांनी घेऊन नुसत्या कुंपणात ठेवलेल्या. अशा शेतात चिखलणी होत नाही, बेणणी होत नाही. तण निर्धास्त फुलते आणि बी बांध ओलांडते. पडीक ठेवणाऱ्याला त्याचा भुर्दंड नाही. तो पडतो शेजारच्या कसणाऱ्यावर, जादा मजुरीच्या आणि दुबार पेरणीच्या रूपाने. अर्थशास्त्र ज्याला बाह्य खर्च म्हणते, त्याचे याहून स्पष्ट उदाहरण शोधावे लागणार नाही. कसेल त्याची जमीन व्हावी म्हणून ज्या अलिबाग तालुक्यात चरीच्या कुळांनी १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षे संप केला, तेथे कसणाऱ्यालाच न कसणाऱ्याचा खर्च सोसावा लागावा, हे विपरीत आहे.

कायदा एकटा पुरेसा नाही. कर्नाटकने १९७५ साली गाजरगवताला उपद्रवी तण ठरविले, तरी त्याचा फैलाव थांबला नाही. एकाने आपला बांध स्वच्छ करून काही साधत नाही. तण फुलोऱ्यावर येण्यापूर्वी साऱ्या शिवाराची बेणणी एकाच वेळी झाली पाहिजे. ग्रामसभेने दिवस ठरवावेत आणि गैरहजर जमीनमालकाच्या वाट्याचा खर्च त्याच्याकडून वसूल करावा. जमीन न कसण्याचे स्वातंत्र्य मालकाला असेल. शेजाऱ्याचे रोप खुरटविण्याचे नाही.