घरच्या कॉम्प्युटरनंतर

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० ची नेहमीची देखभाल थांबवली आणि अनेक घरांत बरीच वर्षं पुढे ढकललेला प्रश्न समोर येऊन उभा राहिला. हॉलच्या कोपऱ्यातला कॉम्प्युटर आता बदलायचा, पण त्याच्या जागी आणायचं काय? टॅबलेट की लॅपटॉप?

हा प्रश्न गेली पंधरा वर्षं आपल्यासोबत आहे आणि दर दोन-तीन वर्षांनी त्याचं उत्तर बदलत गेलं आहे. ते का बदललं हे पाहिलं, तर आज दुकानात उभं राहून निर्णय घेणं सोपं जातं, असं मला वाटतं.

घरचा कॉम्प्युटर आपल्याकडे आला तो बहुतेक ठिकाणी 'असेंबल' होऊन. मुंबईत त्यासाठी ग्रँट रोडजवळचा लॅमिंग्टन रोड होता. इतर शहरांत ओळखीचा एखादा 'हार्डवेअरवाला' असायचा. मदरबोर्ड कुठला, रॅम किती, हार्ड डिस्क केवढी, हे कागदावर लिहून दिलं जाई आणि पंचवीस-तीस हजारांत सगळा संच घरी येई. जाडजूड मॉनिटर, सीपीयू, यूपीएस आणि त्या सगळ्यासाठी सरकता की-बोर्ड ट्रे असलेलं खास टेबल. २००१ मध्ये महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन (एमकेसीएल) स्थापन झाली आणि तिचा एमएस-सीआयटी हा कॉम्प्युटरचा अभ्यासक्रम गावोगावी पोचला, तेव्हा 'सरावासाठी घरी हवाच' हे खरेदीचं आणखी एक कारण झालं. मशीन चालू होईना, तर झाकण काढून रॅमची पट्टी खोडरबरानं पुसायची आणि पुन्हा बसवायची. अगदीच अडलं, तर फॉरमॅट मारायचा. हे घरातल्या कुणा ना कुणाला यायचंच.

त्या मशीनचा खरा गुण मात्र यातल्या कशात नव्हता. ते घराचं होतं, कुणा एकाचं नव्हतं. डी ड्राइव्हवर आईच्या भिशीचा हिशेब, मुलीचा प्रोजेक्ट, बाबांचे सोसायटीचे अर्ज आणि गणपतीतले फोटो शेजारी शेजारी असत. कोण काय करतंय हे येता-जाता सगळ्यांना दिसे. आज टॅबलेट की लॅपटॉप असं विचारताना आपण एका सामायिक वस्तूच्या जागी खासगी वस्तू शोधत असतो. मला वाटतं, निर्णय अडतो तो मुख्यतः इथेच.

दुसरी गोष्ट मराठीची. २००१ च्या विंडोज एक्सपीत मराठी लिहिण्याची सोय होती, पण ती सुरू करायला सीडी घालून वेगळ्या फाइल्स टाकाव्या लागत, आणि हे फार थोड्यांना ठाऊक होतं. त्यामुळे छापायचं काही असेल तर श्रीलिपी, आकृती किंवा सी-डॅकचं आयएसएम. लग्नपत्रिका, स्मरणिका, दिवाळी अंकाचा मजकूर हे सगळं त्या त्या सॉफ्टवेअरच्या फाँटमध्ये. घरी बसून टायपिंगची कामं घेणाऱ्या कितीतरी स्त्रियांचा संसाराला हातभार याच मशीनवर उभा होता. त्यांच्यासाठी की-बोर्ड हे कमाईचं साधन होतं, आणि पुढच्या सगळ्या निवडींकडे मी याच बाजूनं बघतो.

पहिला पर्याय आला नेटबुकच्या रूपात. असूसचा ई-पीसी २००७ चा: सात इंची पडदा, वजन किलोच्या आत, आणि लिनक्स. त्याच्या मागोमाग इतर कंपन्यांची तशीच छोटी मशीनं आली आणि त्यांच्यावर एक्सपी चालू लागली. आपल्याकडे तेव्हा भारनियमनाचे दिवस होते. दुपारी वीज गेली की यूपीएस टुकटुक करायला लागे आणि दहा-पंधरा मिनिटांत सगळं आवरून बंद करावं लागे. बॅटरीवर चालणारं मशीन ही तेव्हा चैन नव्हती, फार मोठी सोय होती. नेटबुकचा की-बोर्ड मात्र इतका आखूड की, सवयीचा टायपिस्टसुद्धा चुकत होता, आणि प्रोसेसर दुबळा. ती जात लवकरच मागे पडली.

२७ जानेवारी २०१० ला स्टीव्ह जॉब्सनं आयपॅड दाखवला. ४९९ डॉलरपासून किंमत, की-बोर्ड नाही, माऊस नाही. वर्षभरानं तो अधिकृतपणे भारतात आला. त्यानंतर ५ ऑक्टोबर २०११ रोजी तेव्हाचे मनुष्यबळ विकासमंत्री कपिल सिब्बल यांनी दिल्लीत 'आकाश' टॅबलेट सादर केला. डेटाविंड कंपनीनं पुरवलेला, सरकारला २,२७६ रुपयांना पडणारा. विद्यार्थ्याच्या हाती इतकं स्वस्त यंत्र द्यायचं, हा विचारच मोठा होता आणि त्याबद्दल मला आजही आदर वाटतो. पण ३६६ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, २५६ एमबी रॅम आणि नखानं दाबल्याशिवाय न समजणारा पडदा, यावर शिकणं कठीण होतं. शिवाय त्यावरच्या मूळ अँड्रॉइड २.२ मध्ये देवनागरी नीट दिसण्याची सोयच नव्हती. मराठी पान उघडलं की चौकोन दिसायचे. पुढे हे काम मुंबईच्या आयआयटीकडे आलं, प्राध्यापक दीपक फाटक यांनी त्यात मनापासून लक्ष घातलं, आणि नोव्हेंबर २०१२ मध्ये आकाश-२ आला. त्याचा पडदा आणि वेग बराच सुधारलेला होता. तोपर्यंत बाजारात इतर स्वस्त टॅबलेट आले होते आणि लोकांनी त्यांचा उपयोगही ठरवून टाकला होता: बघायला.

टॅबलेट आणि लॅपटॉप एकत्र करण्याचा प्रयत्नही तेव्हाचाच. ऑक्टोबर २०१२ मध्ये मायक्रोसॉफ्टचा सरफेस आरटी आला. झाकणालाच की-बोर्ड, पण विंडोजची जुनी सॉफ्टवेअर त्यावर चालत नव्हती. पुढच्या वर्षी कंपनीला त्यापोटी ९० कोटी डॉलरचा तोटा हिशेबात दाखवावा लागला. आपल्या दृष्टीनं धडा साधा होता. दिसायला लॅपटॉपसारखं असलं तरी टॅली किंवा श्रीलिपी त्यावर चालत नसेल, तर ते घरच्या कॉम्प्युटरची जागा घेऊ शकत नाही.

८ एप्रिल २०१४ ला एक्सपीचा पाठिंबा संपला. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि फोनवरचं इंटरनेट स्वस्त झालं. घरातली बिलं, बँक, रेल्वेचं तिकीट, फोटो असं एकेक काम फोनवर गेलं आणि कोपऱ्यातल्या मॉनिटरवर कापड पडलं. 'आता कॉम्प्युटर लागतोच कशाला' असं म्हणणारी घरं वाढली. २०१७ मध्ये गूगलनं मराठी बोलून लिहिण्याची सोय दिली, तेव्हा तर की-बोर्डचीही गरज संपली असं वाटलं. डोळ्यांचा किंवा बोटांचा त्रास असलेल्या वडीलधाऱ्यांना तिनं लिहितं केलं, ही तिची फार मोठी देणगी आहे.

मग मार्च २०२० आला. शाळा बंद झाल्या, कचेऱ्या घरात आल्या, आणि घरात नक्की कुठलं यंत्र आहे याची परीक्षा झाली. ऑफिसचा लॅपटॉप दिवसभर एकाच्या ताब्यात. मुलांचे तास फोनवर. जुन्या कॉम्प्युटरवरचं कापड निघालं, पण त्याला कॅमेरा नव्हता, माइक नव्हता. बाजारात वेबकॅम मिळेनात. फोनवर तास 'बघता' येत होता. गणित सोडवायचं वहीत, पानाचा फोटो काढायचा आणि व्हॉट्सॲपवर पाठवायचा. चार पानांचा निबंध मात्र अंगठ्यानं टाइप करणं मुलांना झेपत नव्हतं. शिक्षकांचे हाल त्याहून जास्त. प्रश्नपत्रिका तयार करणं, पन्नास मुलांच्या पानांचे फोटो फोनवर मोठे करून तपासणं, गुणांचे तक्ते भरणं, हे सहा इंचांच्या पडद्यावर करणाऱ्या शिक्षिका मी पाहिल्या आहेत. बघण्याचं यंत्र आणि काही तयार करण्याचं यंत्र यांत किती अंतर आहे, हे त्या दीड-दोन वर्षांत जितकं स्पष्ट झालं तितकं कुठल्याच जाहिरातीतून झालं नव्हतं. टॅबलेटची स्वतःची जागाही याच काळात पक्की झाली. बालभारतीच्या पुस्तकांच्या पीडीएफ वाचायला दहा इंची पडदा फोनपेक्षा कितीतरी बरा होता. नागपूरच्या महाज्योती या सरकारी संस्थेनं जेईई-नीटची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांना टॅबलेट दिले, ते याच उपयोगासाठी, आणि तो निर्णय योग्यच होता.

त्याच सुमारास यंत्रांमधलं अंतर थोडं कमीही झालं. मार्च २०२० मध्ये आयपॅडला माऊसचा पूर्ण आधार मिळाला. नोव्हेंबरमध्ये ॲपलचे एम-१ लॅपटॉप आले: पंखा नसलेली मॅकबुक एअर आणि दिवसभराची बॅटरी. विंडोजच्या बाजूला हार्ड डिस्क जाऊन एसएसडी आली; माझ्या मते या वीस वर्षांतली सर्वांत उपकारक सुधारणा तीच. २०२१ च्या ५ ऑक्टोबरला विंडोज ११ आलं ते मात्र अटी घालून. टीपीएम २.० नावाची सुरक्षा चिप हवी आणि इंटेलचा प्रोसेसर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा पुढचा, म्हणजे २०१७ नंतरचा. धडधाकट चालणारी कितीतरी मशीनं त्या दिवशी 'जुनी' ठरली. त्यांत काहीही बिघडलेलं नव्हतं, याचं मला वाईट वाटतं. विंडोज १० च्या घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सुरक्षेची सोय जाहीर झाली; तेवढा अवधी घेऊन शांतपणे निवड करावी.

निवड करताना मी एकच गोष्ट विचारतो: या घरात लिहितं कोण? लिहिणं म्हणजे साहित्यच नव्हे. दुकानाचा हिशेब, सोसायटीचं इतिवृत्त, महाविद्यालयाचा अहवाल, अनुवाद, प्रश्नपत्रिका, हे सगळं त्यात आलं. असा एक जरी माणूस घरात असेल, तर लॅपटॉप. रॅम किमान ८ जीबी, जमल्यास १६, कारण अनेक मॉडेलांत ती नंतर वाढवता येत नाही. साठवण एसएसडीचीच, आणि स्वस्त मशीनमधल्या ६४ जीबीच्या मोहात पडू नये. विंडोज ११ तेवढ्यात जेमतेम मावतं आणि अपडेटला जागा उरत नाही. दुकानात की-बोर्डवर पाच-सहा ओळी टाइप करून बघाव्यात. विक्रेता घाई करतो, तरी बघाव्यात. लिहिणारं कुणी नसेल, वाचायचं, ऐकायचं, नातवंडांशी बोलायचं, कीर्तन आणि बातम्या बघायच्या असतील, तर टॅबलेट उत्तम, आणि त्यात कमीपणा काहीच नाही. फक्त कंपनी किती वर्षं अपडेट देणार हे आधी विचारून घ्यावं.

लॅपटॉप घेतला तरी जुनं टेबल काढू नका, असं मी आग्रहानं सांगतो. जुना मॉनिटर चालत असेल तर एका केबलनं, फार तर एका ॲडॉप्टरनं, तो लॅपटॉपला जोडता येतो. मोठा की-बोर्ड यूएसबीवर लागतो. मान वाकवून लिहिण्याचा त्रास टळतो आणि घरात पुन्हा एक सगळ्यांची जागा तयार होते. ज्यांचं मशीन केवळ विंडोज ११ च्या अटींमुळे बाद झालंय, त्यांनी एसएसडी टाकून लिनक्स आणि लिब्रेऑफिसचा पर्यायही पाहावा. युनिकोड मराठी, म्हणजे एका ठरावीक फाँटवर अवलंबून नसलेली मराठी, त्यावर व्यवस्थित लिहिता येते.

जुनं मशीन भंगारात देण्याआधी एक काम मात्र कुणीही टाळू नये. श्रीलिपी, आकृती, आयएसएमच्या जुन्या फाँटमध्ये लिहिलेल्या फाइल्स नव्या यंत्रावर नुसत्या कॉपी करून भागत नाही. तो फाँट नसेल तर आजोबांच्या आठवणींची शंभर पानं रोमन अक्षरांची आणि चिन्हांची अर्थहीन रांग होऊन दिसतात. काही सॉफ्टवेअरना तर डोंगल लागतं, आणि ते जुन्या पोर्टात बसणारं असतं. म्हणून मशीन सुरू होतंय तोवर त्या फाइल्स तिथेच उघडाव्यात, प्रत्येकीची पीडीएफ करावी, फाँटच्या फाइल्स सोबत घ्याव्यात, आणि मजकूर कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणून मूळ पानाशी ताडून पाहावा. जोडाक्षरं आणि रफार इथे हमखास चुकतात, तेव्हा हे वाचन घाईनं करू नये. नवा लॅपटॉप शेजारी ठेवून दोघांनी बसावं: एकानं जुन्या पडद्यावरून वाचावं, दुसऱ्यानं नव्यावर दुरुस्त करावं. हे झालं की हार्ड डिस्क काढून घरातच ठेवावी आणि उरलेला सांगाडा अधिकृत ई-कचरा केंद्राकडे द्यावा.